शनिवारी काहून विचारायचं नाही

माणसं सांभाळण्याचं काम मी उभी हयात केलं. त्यातून काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मला आधी कंबरदुखी आठवते. एसटीच्या मागच्या बाकावर बसून औंढा, कळमनुरी आणि परत हिंगोली करता करता ती कमावली. बाकीचं मग सावकाश आठवत जातं.

आमची संस्था ख्रिस्ती होती. मुख्य ऑफिस पुण्याला. आमचं हिंगोलीचं ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. गिरणी सुरू झाली की टेबलावरचा चहा थरथरायचा आणि फायलींवर पीठ बसायचं. काम होतं शेळ्यांचं. गावोगावी बायकांचे गट करायचे, त्यांच्या शेळ्यांची दुखणीखुपणी, चारा, लसी हे सगळं बघायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमच्या माणसांना लस टोचायला शिकवलं होतं. नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथे लागले तेव्हा हिंगोली जिल्हाही झाला नव्हता. कुठल्याही कागदावर शिक्का हवा असला की परभणी गाठायची.

माणसं माझ्या हाताखाली होती असं म्हणायची पद्धत आहे. पण हाताला कुणीच लागायचं नाही. एक कार्यकर्ती जवळा बाजारला, एक कार्यकर्ता वारंगा फाट्याला, आणि तिसरे मामा, ते नरसीच्या पुढे आपल्या मेंढरांच्या माणसांत. मी हिंगोलीत. फोन कुणाकडे नव्हता. निरोप कंडक्टरकडे द्यायचा, कंडक्टर तो फाट्यावरच्या चहावाल्याकडे टाकायचा, आणि चहावाल्याला आठवलं तर तो पोचायचा. ‘उद्या येऊ नको’ हा निरोप एकदा परवा पोचला. ज्याच्यासाठी होता तो माणूस कालच येऊन, माझी वाट बघून, शिव्या देत परत गेला होता. शिव्या दिल्याचं त्यानंच मला नंतर सांगितलं, तेही सगळ्यांसमोर. कारण तो शनिवार होता.

शनिवारचा नियम सरांचा. सर म्हणजे आमचे पहिले प्रमुख, जालन्याकडचे निवृत्त शिक्षक, हडकुळे आणि भलतेच हट्टी. शनिवारी दुपारी सगळ्यांनी गिरणीच्या वर जमायचं. छोटी प्रार्थना करायची. मग प्रत्येकानं ह्या आठवड्यात आपल्या हातून काय बिघडलं ते एक सांगायचं. सुरुवात सगळ्यात मोठ्या हुद्द्याच्या माणसानं करायची. सांगणाऱ्याला काहून केलंस असं कुणी विचारायचं नाही. विचारायचं एकच, आता काय करायचं? आणि सोमवारी ते निस्तरायला त्यानं एकट्यानं जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं.

मी तेव्हा तरुण आणि तोंडाळ होते. मी सरांना म्हटलं, कारण विचारल्याशिवाय चूक सुधारणार कशी? सर म्हणाले, कारण विचारलं की माणूस गोष्ट रचायला लागतो. मग पुढे म्हणाले, ‘मी रोज संध्याकाळी देवासमोर माझ्या चुका सांगतो. त्यानं आजवर एकदाही मला का म्हणून विचारलेलं नाही. मग मी कोण लागून गेलो विचारणारा?’

पुढच्या शनिवारी मी माझी चूक सांगितली, कारणाशिवाय.

आमच्यात ख्रिस्ती म्हणजे सर आणि मी, एवढेच. हिंगोलीतली आमची मंडळीच मुळात एका घराच्या ओसरीत मावणारी. जवळ्याची कार्यकर्ती बौद्ध. प्रार्थनेच्या वेळी ती हात जोडून, डोळे सताड उघडे ठेवून बसायची. ती मला एकदा म्हणाली, ‘ताई, तुमच्या प्रार्थनेत आमचं काय बी न्हाई. पर हे चुकीचं सांगणं बराबर हाय. आमच्या घरात हे असतं तर माझा बाप इतका एकटा पडला नसता.’ मामा धनगर, वयानं सगळ्यांत मोठे, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. त्यांचं मत वेगळं होतं. ‘आमच्यात चुकलं की देवाला बकरं द्यावं लागतंय. तुमच्यात नुस्तं बोलून भागतंय. सस्ता देव हाय बाई तुमचा.’ वारंग्याचा कार्यकर्ता मुसलमान, मोटरसायकलवर जीव असलेला. त्यानं पहिल्याच शनिवारी कबूल केलं की ऑफिसची गाडी तो मेव्हण्याच्या लग्नाला घेऊन गेला होता, आणि तिथे नवरदेव तिच्यावर बसून फिरला. सरांनी विचारलं, आता काय करायचं? तो म्हणाला, गाडी धुवायची. सोमवारी आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी धुतली.

माझी चूक बहुतेक वेळा तोंडाचीच असायची. मी एकदा सांगितलं की मी फाट्यावरच्या चहावाल्याला नको ते बोलले. सोमवारी आम्ही सगळे त्याच्याकडे चहा प्यायला गेलो, आणि तो बिचारा घाबरून आमच्यासाठी बाकडं पुसायला लागला. असले सोमवार फार झाले. काही हसण्यासारखे होते, काही अजिबात नव्हते. पण लांबलांबच्या गावांत काय चाललंय ते मला शनिवारी कळायचं, आणि खरं कळायचं. मी कुणावर पाळत ठेवली नाही. ठेवायची म्हटलं असतं तरी माझ्याकडे एसटीशिवाय काय होतं?

सर गेले. त्यांच्या जागी मला बसवलं. जिल्हा झाला, रस्ते झाले, मोबाईल आले. शनिवार तसाच राहिला. दोन हजारनंतर काही वर्षांनी पुण्याच्या ऑफिसात नवे साहेब आले. वयानं माझ्यापेक्षा लहान, मोठ्या कंपनीतलं काम सोडून सेवेसाठी आलेले, रविवारची उपासना न चुकवणारे. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा राग निघणार आहे.

साहेबांच्या ताब्यात चार ठिकाणची सेंटरं होती आणि ती त्यांना पुण्यात बसून चालवायची होती. आमच्या शनिवारचं त्यांच्या कानावर गेलं आणि ते फार खूश झाले. हाच खरा ख्रिस्ती कारभार, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. बाकीच्या सेंटरांतही हे सुरू करू या म्हणाले आणि केलंही. मग म्हणाले, मलाही बसायला आवडेल. त्यांनी एक स्पीकरचा फोन पाठवला. तो आम्ही टेबलाच्या मधोमध ठेवायचो, चहाच्या कपांच्या घोळक्यात. आम्ही त्याला फोन म्हणत नव्हतो, साहेबच म्हणायचो. ‘साहेबाला जरा हिकडं सरकवा, बशी ठेवायचीय.’ साहेब ऐकायचे, मधे बोलायचे नाहीत, शेवटी आशीर्वाद द्यायचे. स्वतःचं मात्र कधी काही सांगितलं नाही. आणि आमच्यापैकी कुणाला ते खटकलंही नाही, कारण फोनकडून कोण चूक सांगण्याची अपेक्षा करणार?

मग तो मे महिना आला.

पावसाळ्याआधी शेळ्यांना एक लस द्यावी लागते. ती नाही दिली तर नव्या हिरव्या चाऱ्यावर धष्टपुष्ट शेळी उभ्या उभ्या जाते. ही लस थंड राहिली पाहिजे. जवळ्याची कार्यकर्ती दरवर्षी बर्फाचा डबा घेऊन वाड्यावस्त्यांवर जायची. त्या शनिवारी तिची पाळी आली तेव्हा तिनं पदराला हात पुसला आणि सरळ सांगितलं.

‘धनगरवाडीला जाताना एसटी बंद पडली. वाडीवर पोचले तवर दुपार कलली. डब्यात बर्फ न्हवताच, नुसतं पाणी. ते बी कोमट. बायांनी सकाळपासून शेळ्या बांधून ठेवल्या होत्या, चरायला सोडल्या न्हवत्या. लेकरं पाला आणून आणून दमली. मला त्यांना माघारी जा म्हणवलं न्हाई. मी तशीच लस टोचली.’ मग म्हणाली, ‘तिचा काय बी उपेग व्हणार न्हाई, हे मला टोचतानीच म्हाईत होतं.’

मामा त्याच वाडीच्या भावकीतले. त्यांनी मान हलवली. मी तोंड उघडून आता काय करायचं म्हणणार, तेवढ्यात टेबलावरून आवाज आला.

‘का?’

त्या दिवशी गिरणी बंद होती, म्हणून ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. आम्ही सगळे फोनकडे बघत राहिलो. तिलाही कळेना काय करावं. ती म्हणाली, ‘साहेब, सांगितलं ना, एसटी बंद पडली.’ साहेब म्हणाले, मग परत का नाही फिरलात? ऑफिसला का नाही कळवलं? माहीत असताना का टोचली? प्रत्येक ‘का’ला तिचं उत्तर आधीपेक्षा लांब होत गेलं. शेवटी ती बर्फाच्या लादीबद्दल, कारखानदाराबद्दल, डब्याच्या झाकणाबद्दल बोलायला लागली. इतक्या वर्षांत तिला मी असं बोलताना पाहिलं नव्हतं. खोटं काही नव्हतं त्यात, पण ती आता आमच्याशी बोलत नव्हती, स्वतःला वाचवत होती.

मामांनी काठी आपटली. ‘अन् शेळ्या? सोमवारी जायाचं का?’

‘चौकशी होईपर्यंत त्या वाडीवर कुणी जायचं नाही,’ साहेब म्हणाले. ‘ते नंतर बघू.’

पुढचे दिवस मी फोनवर भांडण्यात घालवले. साहेबांचा आवाज कधी चढला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. ते म्हणायचे, ‘मॅडम, मी तिला क्षमा केलीच आहे. पण क्षमा वेगळी आणि जबाबदारी वेगळी. माहीत असताना खराब लस टोचली, हे मी देणगीदारांना कसं सांगू?’

‘तिनं सांगितलं नसतं, तर तुम्हाला कळलं असतं का?’ मी म्हटलं.

‘नसतं कळलं. म्हणूनच तर मला काळजी वाटते.’

‘मला तर उलटी वाटते. आता पुढे कोण सांगेल?’

ते म्हणाले, मी ह्यावर प्रार्थना करतो. मीही करते म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी आम्ही दोघांनी एकाच देवाकडे एकमेकांची तक्रार केली असणार.

तिला काढल्याचं पत्र आलं. ते पोस्टानं पाठवायचा मला धीर होईना, म्हणून मी तिला बोलावून घेतलं. तिनं पत्र वाचलं, घडी घातली. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला बोलेल, आणि बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘मंग ताई, शनिवारी मी येऊ का नको?’

‘नको गं,’ मी म्हटलं.

ती जिना उतरून गेली. छत्री आणि जेवणाचा डबा विसरून गेली. मी हाक मारली नाही, कारण ती परत वर आली असती तर तिच्याकडे बघायची माझ्यात ताकद नव्हती.

पुढच्या शनिवारी फोन मधोमध होता. मोठी म्हणून सुरुवात माझी. माझी एक बस चुकली, असं काहीतरी मी सांगितलं. मग वारंग्याचा कार्यकर्ता. त्यानं टेबलावरचं पीठ बोटानं गोळा केलं आणि म्हणाला, ‘सगळं बराबर हाय ताई. काय तकलीफ न्हाई.’ मामा म्हणाले, ‘बराबर हाय.’ प्रार्थनेसकट सगळं चहा गार व्हायच्या आत आटपलं. फोनमधून साहेब म्हणाले, ‘छान. सुधारणा दिसते आहे.’

मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं थकायला झालं, बाळंतपणानंतर येतो तसा थकवा, ज्यात कुणी पाणी दिलं तरी हात पुढे करवत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही सगळं बराबर होतं. आता लांबच्या गावांत काय चाललंय हे मला कळायला मार्ग उरला नव्हता. माणसं समोर बसलेली होती, आणि कंडक्टरच्या निरोपापेक्षा लांब गेली होती.

जवळ्याच्या बाजाराच्या दिवशी मी तिची छत्री आणि डबा घेऊन निघाले. निमित्तच ते. तिचं घर बाजाराच्या टोकाला, कापसाच्या गोडावनामागे. पुढे पत्र्याची पडवी. मी वळले आणि मला ओळखीची मोटरसायकल दिसली. पडवीच्या कुडाला मामांची काठी टेकवून ठेवलेली होती.

मी गोडावनाच्या भिंतीशी थांबले. पडवीत तिघं पोत्यांवर बसले होते आणि वारंग्याचा कार्यकर्ता बोलत होता. ‘सुया उकळायला टाइम न्हाई भेटला. तशाच वापरल्या. दोन शेळ्यांला गाठी येऊन राहिल्या.’

तिनं चहा गाळता गाळता विचारलं, ‘आता काय करायचं?’

‘सोमवारी जाऊ,’ मामा म्हणाले. ‘हळद अन् चुना घेऊन जाऊ. अन् डाक्टरला बी घेऊ.’

मी तिथेच उभी राहिले. माझा शनिवार इथे येऊन बसला होता. नोकरीवरून काढलेल्या बाईच्या पडवीत, बाजाराच्या गलक्यात, फोनशिवाय आणि माझ्याशिवाय. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा संतापही आला. परत फिरावं असं वाटलं. पण हातात छत्री होती, ती द्यायची होती.

तिनंच मला पाहिलं. वारंग्याचा कार्यकर्ता तर उभाच राहिला, शाळेत उभा राहावा तसा. तिनं एक पोतं झटकून सरकवलं.

‘या ताई. सुरुवात तुमच्यापासून असतीय, पर तुमी उशिरा आल्या.’

मी बसले. छत्री मांडीवर ठेवली. मग मी सांगितलं की तुला काढलं आणि मी अजून पुण्याला गेले नाही, फोनवरच भांडत बसले. जे समोर बसून बोलायचं ते मी लांबून बोलले.

कुणी काहून विचारलं नाही. मामा म्हणाले, ‘आता काय करायचं?’

‘सोमवारी पुण्याला जाते.’

‘एकट्याच?’ मामा माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मला काही शिकवलंच नव्हतं. ‘आपुन कवा एकट्यानं गेलो?’

म्हणून आम्ही चौघं पुण्याला गेलो. गाडीत मामांनी खिडकी धरली आणि जालन्यापर्यंत दिसणाऱ्या प्रत्येक मेंढरांच्या कळपाला नावं ठेवली. मी डोळे मिटून वाक्यं जुळवत होते. तिच्या कामाची वर्षं, तिनं उभे केलेले गट, तिचा खरेपणा, सगळं ओळीनं मांडून ठेवलं. ती माझ्या शेजारी बसली होती. तिनं भाकरीचं फडकं सोडलं, सगळ्यांना दिली, आणि पुण्यात काय बोलायचं ह्याबद्दल एक शब्द काढला नाही.

पुण्याच्या ऑफिसला काचेचं दार होतं. मामांनी वहाणा बाहेर काढल्या, घोंगडी सावरली, काठी मात्र सोडली नाही. रखवालदार आमच्याकडे बघत होता. आत कुठेतरी निरोप गेला आणि साहेब स्वतः बाहेर आले. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं. आवाजावरून वाटायचे त्यापेक्षा ते लहान होते, आणि डोळ्यांखाली काळं आलेलं होतं.

‘अरे, तुम्ही सगळे? का, काय झालं?’

‘काहून इचारायचं न्हाई साहेब,’ मामा म्हणाले. ‘त्ये सोडून काय बी इचारा.’

मी मनात म्हटलं, संपलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण ते हसले नाहीत की रागावलेही नाहीत. त्यांनी आम्हाला आत नेलं, बसवलं, पाणी मागवलं. खोलीत भिंतीवर क्रूस होता, आमच्याच ऑफिसात होता तसला साधा लाकडी. त्याच्या खाली स्पीकरचा फोन. म्हणजे हा माणूस शनिवारी इथे बसायचा. एकटाच, बंद खोलीत, चार सेंटरांच्या लोकांचं ऐकत. त्याच्यासमोर चहाचा दुसरा कप नसायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि मला त्याची नको असताना दया आली.

पाणी पिऊन झालं. मी बोलायला घसा साफ केला. साहेब तिच्याकडे बघत होते. तिलाही ते पहिल्यांदाच बघत होते. मग ते म्हणाले, ‘बरं. आता काय करायचं?’

मी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

‘मिरगाला दिवस ऱ्हायले न्हाईत साहेब. धनगरवाडीच्या शेळ्या तशाच हायेत.’

साहेबांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, आणि खुर्चीत मला बसवेना.

‘चौकशी झाली,’ ती म्हणाली, ‘पत्र झालं. माझी नोकरी बी गेली. पर शेळीला लस न्हाईच भेटली. वाडीवरच्या बायांना वाटून राहिलं, लस झालेली हाय. पाऊस पडला की त्या शेळ्या हिरव्यावर सोडतील. मला घ्या, नका घेऊ, त्ये तुमी बघा. आधी लस घेऊन कुणी तरी जावा.’

तिची नोकरी मागायला आम्ही इतक्या लांब आलो होतो. एवढे दिवस मी भांडले, वाक्यं जुळवली, प्रार्थना केली, आणि त्यात शेळी एकदाही आली नव्हती. मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि नंतर बघू म्हटल्यावर आम्ही सगळे खरंच नंतर बघत बसलो होतो. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी काही समजूत घातली नाही, देणगीदारांचं नाव काढलं नाही. त्यांनी विचारलं, ‘कुणी जायचं?’

‘सगळ्यांनी,’ मामा म्हणाले. ‘तसंच असतंय.’

साहेब आले. पुण्याहून जीपमध्ये बर्फाची मोठी पेटी घालून, उन्हातान्हाचे आले. वाडीवरच्या बायकांना जवळ्याच्या कार्यकर्तीनं स्वतः सांगितलं, की मागची लस वाया गेली होती, माझ्याकडून बिघडलं. एकदोघी तडकल्या, एकीनं तिला चांगलंच सुनावलं, मग शेळ्या धरून आणल्या. साहेबांना शेळी धरता येत नव्हती. मामांनी त्यांना कान कुठे धरायचा ते दाखवलं, तरी एका बोकडानं त्यांच्या पांढऱ्या शर्टवर पाय उमटवले. ती टोचत गेली, वारंग्याचा कार्यकर्ता उकळलेल्या सुया पुढे करत गेला, आणि मी झाडाखाली बसून बर्फाच्या पेटीचं झाकण उघडायचं आणि लावायचं काम केलं. तिला परत घेतल्याचं पत्र त्यानंतर आलं, काही गाजावाजा न होता.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. तिथून पुढे तिचं आमच्याशी हसणं थोडं कमी झालं ते झालंच. पुढे काही वर्षांनी देणगीही आटली आणि गिरणीवरच्या खोल्या आम्ही रिकाम्या केल्या. पण तो पहिला शनिवार मला सांगायचाय, ती परत आली तो.

फोन टेबलावरच होता. तो काढून टाका असं मी म्हटलं होतं, पण मामा म्हणाले, असू द्या. ती तिच्या जागी बसली, छत्री खुर्चीला अडकवली. प्रार्थना झाली. मी मोठी, म्हणून मी बोलायला लागणार, तर मामांनी हात वर केला आणि काठीचं टोक फोनकडे केलं. ‘आधी मोठा माणूस बोलतोय ना? मग त्यो हितं हाय की.’

आम्ही थांबलो. फोनमधून पुण्यातल्या पंख्याचा आवाज येत होता. खाली गिरणी सुरू झाली, चहा थरथरला, तरी साहेब बोलेनात. मला वाटलं लाइन तुटली. मी फोनकडे हात नेणार एवढ्यात आवाज आला.

‘सोलापूरकडच्या सेंटरमधल्या एका माणसाला मी गेल्या महिन्यात काढलं आहे,’ साहेब म्हणाले. ‘त्यानंही शनिवारीच सांगितलं होतं.’

गिरणी चालूच होती. कुणी काहून विचारलं नाही. तिनं फोन स्वतःकडे सरकवला, जरा वाकली, आणि म्हणाली, ‘मंग साहेब, आता काय करायचं?’

मी टेबलाच्या खणात माझा कंबरेचा पट्टा शोधायला लागले. सोमवारी लांब जायचं होतं.